सीड्रिफ्टचा शेवटचा कॉलम : एथिलीन ऑक्साइडच्या एका स्फोटाचं प्रकरण

एथिलीन ऑक्साइडच्या प्लांटचा हॅझॉप, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याची ड्रॉइंगवरून एकेक मुद्दा घेऊन केलेली तपासणी, करायला बसलं की पहिले दोन दिवस रिॲक्टर खातो. ऑक्सिजन कुठे मिसळतो, त्याचे व्हॉल्व्ह किती सेकंदांत बंद होतात, रिॲक्टरमधलं तापमान कुठे चढतं, ट्रिप (धोका दिसताच यंत्रणा आपोआप बंद करणारी सोय) किती ठेवल्यात, प्रत्येक मुद्द्यावर खडाजंगी होते, आणि ती व्हायलाच हवी. शुद्धीकरणाच्या कॉलमची, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्याची, पाळी येते तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर. तोवर अर्ध्या लोकांच्या डोळ्यांवर झापड असते. त्या कॉलममध्ये हवा नाही, ऑक्सिजन नाही, कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) नाही. आत जातं ते जवळजवळ शुद्ध ऑक्साइड आणि बाहेर पडतं तेही ऑक्साइडच, जरा आणखी शुद्ध. 'इथे काही रिॲक्शनच नाही,' असं कोणीतरी म्हणतं आणि ड्रॉइंगचं पान उलटायला हात पुढे होतो.

हे वाक्य कानावर आलं की मी सीड्रिफ्ट काढतो. जुने सहकारी आता वैतागतात. पण नव्या मुलांनी ही गोष्ट एकदा तरी नीट ऐकलेली असावी, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो आहे.

काय घडलं

अमेरिकेत टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावर, पोर्ट लव्हाका या गावाजवळ युनियन कार्बाइडचा सीड्रिफ्ट नावाचा मोठा कारखाना होता. १९५४ पासून चालणारा. १२ मार्च १९९१ ला मध्यरात्र उलटून गेल्यावर तिथल्या एथिलीन ऑक्साइड शुद्ध करणाऱ्या कॉलमचा तळाकडचा भाग स्फोटानं फुटला. प्लांट बंद राहून नुकताच पुन्हा चढवला होता. उडालेल्या धातूच्या तुकड्यांनी पाइप रॅक तोडला, त्यातून मिथेन आणि इतर ज्वलनशील वायू सुटले, त्यांना आग लागली. कारखान्याची वीज आणि इतर सेवा कोलमडल्या. एक माणूस गेला, अनेक जखमी झाले. नुकसान कोट्यवधी डॉलरचं.

युनियन कार्बाइड म्हटलं की आपल्याकडे मनात दुसरंच नाव येतं, आणि ते यायलाच हवं. १९८४ च्या डिसेंबरातल्या भोपाळनंतर सात वर्षांच्या आतली ही घटना. पण सीड्रिफ्टकडे फक्त 'तीच ती कंपनी' म्हणून पाहिलं तर शिकण्यासारखं बरंचसं हातातून निसटतं. कारण एथिलीन ऑक्साइडच्या बाबतीत कार्बाइड नवखी नव्हती. चांदीच्या कॅटॅलिस्टवर एथिलीन ऑक्साइड बनवणारा जगातला पहिला व्यापारी प्लांट १९३७ मध्ये याच कंपनीनं चालू केला होता, आणि १९९१ मध्ये हे रसायन सर्वांत जास्त बनवणारी कंपनीही हीच होती. पन्नासहून जास्त वर्षं ज्यांनी हे रसायन हाताळलं, त्यांच्याच हातून हे झालं. माझ्या लेखी या प्रकरणातली सगळ्यांत अस्वस्थ करणारी बाब ती.

चांदीच्या आधी क्लोरीन

स्फोट समजायचा तर हे रसायन कसं बनतं ते आधी पाहावं लागेल. एथिलीन ऑक्साइड म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचा तीन कोनांचं छोटंसं कडं. तीन अणूंना इतक्या चिंचोळ्या कोनात बसवलं की बंध ताणले जातात, आणि ताणलेली गोष्ट सुटायला निमित्तच शोधत असते. म्हणून तर त्याचा इतका उपयोग. पाण्याशी मिळालं की ग्लायकॉल होतं, ग्लायकॉलपासून पॉलिएस्टर. फॅटी अल्कोहोलशी मिळालं की साबण-शांपूतले घटक होतात. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजच्या पाकिटावर निर्जंतुक केल्याच्या खुणेशेजारी 'ईओ' अशी अक्षरं दिसतात ती याचीच. आपल्या अंगावरच्या शर्टापासून दवाखान्यातल्या सुईपर्यंत पोचलेलं हे रसायन आहे, पण त्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं.

१८५९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्युर्त्झ यांनी ते पहिल्यांदा बनवलं, तेही क्लोरोहायड्रिनमधून. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत हाच मार्ग कारखान्यात उतरला. एथिलीनवर क्लोरीन आणि पाण्याची क्रिया करायची, एथिलीन क्लोरोहायड्रिन तयार होतं, मग त्यात चुना घालून ऑक्साइड सोडवायचं. रसायन म्हणून मार्ग सोपा. पण हिशेब मांडा. एक टन ऑक्साइडला कागदावरच १.६ टन क्लोरीन लागतो, आणि त्या क्लोरीनमधला एकही अणू मालात उतरत नाही. सगळा कॅल्शियम क्लोराइड होऊन गटाराला जातो, टनामागे अडीच टन. महाग क्लोरीन विकत घ्यायचा आणि खारं पाणी करून सोडून द्यायचं, असा हा धंदा होता.

१९३१ मध्ये तेओदोर लफोर या फ्रेंच संशोधकाला दिसलं की चांदीवरून एथिलीन आणि हवा नेली तर थेट ऑक्साइड मिळतं. क्लोरीन नको, चुना नको. सहा वर्षांनी कार्बाइडनं ते कारखान्यात आणलं. १९५८ मध्ये शेलनं हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरायला सुरुवात केली, आणि पुढे एकेक करून जुने क्लोरोहायड्रिन प्लांट एथिलीनच्या कामातून बाद झाले. त्यांतले काही भंगारात न जाता प्रॉपिलीन ऑक्साइडकडे वळवले गेले.

प्रॉपिलीनला चांदी का चालली नाही हा प्रश्न मुलाखतीत मी हमखास विचारतो. उत्तर रेणूच्या बाजूला लटकलेल्या मिथाइल गटात आहे. दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवरचे हायड्रोजन सैल असतात. चांदीवरचा ऑक्सिजन दुहेरी बंधाकडे जाण्याआधी त्या सैल हायड्रोजनवर झडप घालतो, आणि एकदा का तो निघाला की सगळा रेणू जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. एथिलीनला हा सैल हायड्रोजनच नाही, म्हणून ते वाचतं. त्यामुळे प्रॉपिलीन ऑक्साइडला आजही वळसा घ्यावा लागतो. कुठे जुना क्लोरोहायड्रिन मार्ग (आपल्याकडे चेन्नईजवळ मनालीला प्रॉपिलीन ऑक्साइड याच रीतीनं बनत आलं आहे), कुठे एथिलबेंझीनचं हायड्रोपेरॉक्साइड वापरून सोबत स्टायरीन काढण्याचा, तर कुठे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टायटॅनियम असलेल्या झिओलाइटसारख्या कॅटॅलिस्टचा. या शेवटच्या मार्गाचा बीएएसएफ आणि डाऊ यांचा मोठा प्लांट २००८ मध्ये अँटवर्पला सुरू झाला.

सगळ्यांचं लक्ष जिथे असतं

परत एथिलीनकडे. चांदीच्या मार्गात दोन क्रिया एकमेकींशी शर्यत लावतात. एक, एथिलीनचं ऑक्साइड होणं : मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) साधारण १०५ किलोज्यूल उष्णता. दुसरी, एथिलीन पूर्ण जळणं : मोलमागे १३२० च्या आसपास. म्हणजे शंभरातले दहा रेणू जरी वाट चुकले तरी ते उरलेल्या नव्वदांपेक्षा जास्त उष्णता सोडतात. म्हणून रिॲक्टर म्हणजे बारीक नळ्यांचं जंगल असतं. हजारो नळ्या, आत चांदी लावलेल्या ॲल्युमिनाच्या गोळ्या, बाहेर उकळतं पाणी. तापमान २२० ते २८० अंश, दाब १० ते ३० बार. एका फेरीत दहाएक टक्केच एथिलीन वापरलं जातं, बाकीचं फिरत राहतं. क्रिया आवरायला क्लोरीनयुक्त पदार्थाचे दहा लाखांत मोजके भाग मिसळतात. जो क्लोरीन घालवायला इतका खटाटोप केला तोच चिमूटभर परत बोलवावा लागतो, ही गंमत मला नेहमी वाटत आली आहे.

पुष्कळ वर्षं असं मानलं जात होतं की चांदीवर सात एथिलीनमागे सहाच ऑक्साइड होऊ शकतात, सातवं जळणारच, म्हणजे ८५.७ टक्क्यांच्या वर जाता येणार नाही. सिझियमसारखे घटक मिसळलेल्या कॅटॅलिस्टनी ती रेषा ओलांडली आणि तो सिद्धान्त मागे पडला. या आकड्यामागे किती जणांच्या कारकिर्दी गेल्या असतील! सगळी हुशारी, सगळा पैसा, सगळी भीती रिॲक्टरभोवती गोळा झाली, ती अशी.

रिॲक्टरमधून निघालेल्या वायूत ऑक्साइड जेमतेम दोन-तीन टक्के. ते पाण्यात शोषून घ्यायचं, पाण्यातून पुन्हा सोडवायचं, हलके वायू काढून टाकायचे, आणि सर्वांत शेवटी एका उंच कॉलममध्ये ऊर्ध्वपातन करून शुद्ध माल काढायचा. या शेवटच्या कॉलमचा तळ हेच आपलं घटनास्थळ.

हवेशिवाय फुटणारा द्रव

बहुतेक ज्वलनशील द्रवांना जळायला हवा लागते. टाकीत नायट्रोजन भरला की माणूस निवांत होतो. एथिलीन ऑक्साइडच्या बाबतीत हा निवांतपणा अर्धवट आहे. त्याची वाफ हवेत साधारण तीन टक्क्यांपासून थेट शंभर टक्क्यांपर्यंत पेटते. 'शंभर टक्के' हा छापखान्याचा दोष नव्हे. हवा शून्य असली तरी पुरेशी गरम झालेली वाफ स्वतःच फुटून कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन होते, आणि मोलमागे १३३ किलोज्यूल सोडते. हे आकडे टनात आणले की भीती वाटायला लागते. एक टन ऑक्साइड असं फुटलं तर सुमारे ३००० मेगाज्यूल. एवढ्या उष्णतेत टनभराहून जास्त पाण्याची वाफ होईल, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. जाळलं तर याच्या नऊपट उष्णता निघते, पण जाळायला बाहेरून हवा आणावी लागते; फुटायला काहीच आणावं लागत नाही.

मग हे कॉलम रोज सुखरूप चालतात कसे? कारण स्वच्छ वाफेला असं फुटायला ५०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. कॉलमच्या तळाशी साधारण पन्नास-साठ अंश. रीबॉयलरला, म्हणजे तळातला द्रव उकळत ठेवणाऱ्या उपकरणाला, कमी दाबाची स्टीम दिली तरी ती शंभर-दीडशेच्या घरात. पन्नास-साठ आणि पाचशे यांच्यामधलं हे अंतर म्हणजे सुरक्षिततेची केवढी मोठी गादी, असं कुणालाही वाटेल. कार्बाइडच्या लोकांनाही तसं वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

दूध तळाला लागतं तसं

आता रीबॉयलरच्या आत जाऊ. उभ्या नळ्यांचा जुडगा, नळ्यांत ऑक्साइड, बाहेरून स्टीम. पंप नाही. कॉलमच्या तळातल्या द्रवाच्या वजनानं द्रव नळ्यांत खालून शिरतो, उकळतो, बुडबुड्यांसह हलका होऊन वर चढतो आणि कॉलममध्ये परत पडतो. चहाच्या पातेल्यात मधून वर उसळी येते आणि कडेनं खाली उतरते, त्याचाच हा शिस्तबद्ध अवतार.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. नळीत द्रव उकळत असेल तोवर नळीची भिंत जास्त तापूच शकत नाही. उकळणारा द्रव तिला खाली ओढून धरतो. स्वयंपाकघरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पातेल्यात पाणी असेपर्यंत पातेलं जळत नाही. पाणी आटलं की मग बघायला नको.

आणि दुसरी गोष्ट, तीही स्वयंपाकघरातलीच. दूध तापवताना तळाला एक पापुद्रा लागतो. एथिलीन ऑक्साइडही 'लागतं'. लोखंडाच्या गंजाला स्पर्श झाला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन हळूहळू पॉलिमर बनतं. हे जुनं ज्ञान. पॉलिमर चढलं की नळ्या चोंदतात, उष्णता कमी पोचते, साफसफाई करावी लागते. देखभालीची कटकट म्हणून सगळे त्याच्याकडे बघत असत. सीड्रिफ्टच्या रीबॉयलरच्या नळ्यांत असा पातळ थर जमला होता, आणि त्यात अतिशय बारीक, प्रचंड पृष्ठभाग असलेला लोखंडाचा ऑक्साइड मुरलेला होता.

तपासाचे निष्कर्ष कंपनीच्याच अभियंत्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी लपवाछपवी केली नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे. त्या निष्कर्षांचा गाभा असा. कॉलमच्या तळातली द्रवाची पातळी रीबॉयलरला हवी तेवढी नव्हती, खाली होती. पण मापक यंत्रणेतला बिघाड आणि काही भौतिक कारणं यांमुळे ते नियंत्रण कक्षात दिसत नव्हतं. काही नळ्यांत प्रवाहाचा तोल बिघडला आणि त्यांतला द्रव नाहीसा झाला. तिथे उरली ती ऑक्साइडची वाफ, बाहेरून स्टीम, आणि मधल्या भिंतीवर लोखंड मुरलेला तो पापुद्रा.

यापुढचं जे होतं ते तोवर धोका म्हणून कोणाच्या ध्यानात नव्हतं. त्या पापुद्र्यानं साधं पॉलिमर बनवलं नाही. ऑक्साइडच्या रेणूंमध्येच देवाणघेवाण सुरू केली : सहा रेणूंमागे पाच एथिलीन परत, वर दोन कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाणी. कागदावर जुळवून पाहा, बरोबर जुळतं. थोडक्यात, काही रेणूंनी आपला ऑक्सिजन सोडून एकाला जाळलं. ऑक्सिजन बाहेरून आलाच नाही. तो मालातच होता. या क्रियेतून मोलमागे ११५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते. उकळता द्रव भिंतीला लागून असता तर ती त्यानं गिळली असती. द्रव नव्हता. वाफ उष्णता वाहून नेण्यात अगदीच दुबळी. भिंतीचा तो एवढासा तुकडा तापत गेला, तापला तशी क्रिया वाढली, क्रिया वाढली तसा तो आणखी तापला, आणि दीडशे ते पाचशे हे अंतर, ती केवढी तरी मोठी गादी, त्या इवल्याशा जागी संपली. तिथून पेटलेली वाफ कॉलमच्या तळात पोचली. तिथे ऑक्साइडची वाफ आणि तुषार भरलेलेच होते.

रिॲक्टरमध्ये सातांत सहाचा हिशेब सुधारायला जगभर खटाटोप चालला होता. इथे तेच ऑक्साइड, कुणी न सांगता, परत एथिलीन होत होतं.

पातळीचा काटा

हॅझॉपमध्ये मी सर्वांत जास्त वेळ घालवतो तो या मुद्द्यावर. पातळीचा काटा खरंच काय मोजतो?

सर्रास वापरात असलेलं मापक दोन ठिकाणच्या दाबातला फरक मोजतं. 'द्रवाची घनता अमुक' असं गृहीत धरून तो फरक उंचीत बदलतो. म्हणजे काट्यावर दिसते ती उंची प्रत्यक्ष पाहिलेली नसते, गणितानं काढलेली असते. घनता बदलली, नळीत वाफ अडकली, खालची टॅप (मापक जिथे जोडलेलं असतं ते तोंड) पॉलिमरनं चोंदली, तर गणित बरोबर आणि उत्तर चूक. काच असलेला गेज असेल तर माणूस जाऊन डोळ्यांनी बघतो, पण तोही त्याच टॅपवर बसवलेला असेल तर एकाच खोट्या साक्षीदाराची जबानी दोनदा घेतल्यासारखं होतं.

फार वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात (नाव नको) रात्रपाळीला असताना असाच एक काटा तासन्‌तास एका आकड्यावर स्थिर होता. सगळ्यांना वाटलं, किती छान चाललंय. आमचे एक वयस्कर ऑपरेटर काका बराच वेळ त्या रेषेकडे बघत बसले. मग म्हणाले, 'अहो साहेब, जिवंत कॉलमची लेव्हल थोडी तरी हलते की नाही? ही मेलेली आहे.' टॅप चोंदली होती. आम्हाला काहीच झालं नाही, कारण आतला द्रव साधा होता. एथिलीन ऑक्साइड असतं तर ही गोष्ट सांगायला मी असतो की नाही कुणास ठाऊक.

स्टार्टअपच्या वेळी हे सगळं आणखी गुंतागुंतीचं होतं. बंद राहिलेल्या यंत्रणेत नायट्रोजन असतो, स्टीमच्या बाजूला कंडेन्सेट साचलेलं असतं, सगळे प्रवाह एकदम हलत असतात, अलार्म वाजत असतात त्यांतले निम्मे नेहमीचे. अशा वेळी एक शांत, स्थिर काटा दिसला तर माणूस त्याच्याकडे पुन्हा बघत नाही. ऑपरेटरला दोष देणं सगळ्यांत सोपं, म्हणूनच ते मला पटत नाही. जो आकडा त्याला दाखवलाच गेला नाही त्यावर त्यानं काय करावं?

आदल्या वर्षातलं दुसरं, आणि त्याआधीचं तिसरं

सीड्रिफ्ट एकटं असतं तर 'विलक्षण योगायोग' म्हणून फाइल बंद करता आली असती. पण त्याच टेक्सासमध्ये, आठ महिने आधी, ५ जुलै १९९० ला ह्यूस्टनजवळच्या चॅनेलव्ह्यू इथे आर्को केमिकलच्या कारखान्यात सतरा माणसं गेली. तिथे प्रॉपिलीन ऑक्साइड आणि स्टायरीन सोबत बनवणारा हायड्रोपेरॉक्साइडचा मार्ग होता. हायड्रोपेरॉक्साइड हे नावच ऐकून कुणीही रिॲक्टरकडे बोट दाखवेल. फुटली ती सांडपाण्याची टाकी. पाण्यावर हायड्रोकार्बनचा थर, पाण्यात पेरॉक्साइडचे अवशेष, त्यातून सुटणारा ऑक्सिजन, दुरुस्तीच्या काळात कमी झालेला नायट्रोजन, आणि खरं प्रमाण न दाखवणारा ऑक्सिजन मापक. वाफ ओढणारा कॉम्प्रेसर पुन्हा चालू केला आणि ठिणगी आत पोचली.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९८९ मध्ये, बेल्जियममध्ये अँटवर्पला बीएएसएफच्या एथिलीन ऑक्साइड प्लांटमध्ये शुद्धीकरणाच्या भागातच स्फोट झाला. एका जोडातून ऑक्साइड किंचित गळत होतं आणि बाहेरच्या इन्सुलेशनमध्ये मुरत होतं. लोकरीसारख्या त्या आवरणात ग्लायकॉलसारखे अवशेष साचले. आवरण उघडल्यावर त्यांना हवा लागली, ते आपोआप तापले, आणि ती उष्णता पाइपमधल्या ऑक्साइडपर्यंत गेली.

इन्सुलेशन, सांडपाण्याची टाकी, शेवटचा कॉलम. तिन्ही ठिकाणी रिॲक्टर निर्दोष सुटतो. भोपाळलाही वायू सुटला तो साठवणुकीच्या टाकीतूनच. ज्या जागांवर 'इथे काही घडत नाही' असा शिक्का बसला होता, तिथे मापकं कमी होती, माणसांची ये-जा कमी होती, आणि साफसफाई 'पुढच्या शटडाउनला बघू' वर गेलेली.

पुढे काय बदललं

अमेरिकेत १९९२ मध्ये प्रक्रिया-सुरक्षेचा नियम आला. त्यामागे सीड्रिफ्टपेक्षा भोपाळ, टेक्सासमधल्या पॅसाडेनाचा १९८९ चा स्फोट आणि चॅनेलव्ह्यू यांचा रेटा जास्त होता. एथिलीन ऑक्साइडचं नाव त्या नियमातल्या धोकादायक रसायनांच्या यादीत आहे, ५००० पौंडांच्या मर्यादेसह.

कॉलमच्या रचनेत झालेले बदल मात्र थेट या प्रकरणातून उमगतात. तापवण्याचं माध्यम शक्य तितकं कोमट ठेवायचं. स्टीमऐवजी गरम पाणी चालत असेल तर गरम पाणी. नळ्या स्टेनलेस स्टीलच्या करायच्या, म्हणजे गंजालाच जागा नाही, आणि वरच्या लाइनमधून गंज वाहून येणार नाही याचीही काळजी. नळ्यांचं वरचं टोक सदोदित ओलं राहील इतकी पातळी. पातळीची दोन मापकं, वेगवेगळ्या तत्त्वांवर आणि वेगवेगळ्या टॅपवर, आणि पातळी घसरली की माणसाला न विचारता स्टीम तोडणारी ट्रिप. थर जमण्याआधीच साफसफाई, ठरलेल्या तारखेला. कॉलममधल्या वाफेत नायट्रोजन मिसळून ती फुटण्याच्या कक्षेबाहेर ठेवणं हाही उपाय आहे, मात्र त्यानं कंडेन्सरवरचा भार वाढतो आणि उत्पादनवाले कुरकुरतात.

आपल्याकडे हा विषय परका नाही. ट्रॉम्बेला युनियन कार्बाइडचा नॅफ्था फोडून एथिलीन काढणारा क्रॅकर १९६६ मध्ये आला, त्यामागून ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा. पुढे रायगडात नागोठण्याच्या गॅस क्रॅकर संकुलात बॉम्बे हायच्या वायूपासून एथिलीन आणि त्यापासून ऑक्साइड-ग्लायकॉल बनू लागलं. उत्तराखंडात काशीपूरला तर उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून एथिलीन आणि मग ऑक्साइड असा मार्ग आहे. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला त्याचं विशेष कौतुक वाटावं. एथिलीन वायूतून आलं की उसातून, चांदीच्या पुढचा सगळा रस्ता एकच.

माझ्या हॅझॉपमध्ये आता शेवटचा कॉलम दुसऱ्या दिवशी सकाळी घेतो, पहिल्या चहाच्या आधी. रीबॉयलरचं ड्रॉइंग फळ्यावर मोठं काढतो, दोन्ही टॅप कुठे आहेत ते उंचीसह लिहितो आणि नळ्यांच्या वरच्या टोकाची पातळी लाल खडूनं आखतो. मग प्लांटवाल्यांनी उठून सांगायचं की आत्ता, या क्षणी, त्या लाल रेषेच्या वर द्रव आहे हे त्यांना कसं कळतं. गेल्या खेपेला पहिलं उत्तर यायला वीस मिनिटं लागली, आणि ते देणारा मुलगा ट्रेनी होता. दुसऱ्या मापकाची टॅप पहिल्याच्याच नोझलवर बसवलेली आहे, हे त्यानं ड्रॉइंगमध्ये बोट ठेवून दाखवलं.